चकाकत्या तबकडीचा गंज

आमच्या खाडीकाठच्या गावात एक छोटे वाचनालय आहे. तिथे आम्ही चार-पाच मित्र मिळून दरवर्षी कवितेची एक रात्र भरवत असू. मराठीत लिहिणारे, उर्दूत लिहिणारे आणि आपल्या कोकणी बोलीत लिहिणारे कवी एकाच सतरंजीवर बसत. या रात्रींचे मुद्रण आम्ही आधी कॅसेटवर करत होतो. कॅसेटची फीत गुंतते, ताणली जाते, पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते, हे सगळे अनुभवून झाले होते. म्हणून २००३ साली मोठ्या हौसेने आम्ही त्या कॅसेट संगणकावर घेतल्या, तिथून सीडीवर उतरवल्या आणि जागा अडते म्हणून कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. पुढची मुद्रणे तर थेट सीडीवरच झाली. 'आता काळजी मिटली, हे कायमचे झाले,' असे त्या वेळी आम्ही सगळेच म्हणालो होतो.

गेल्या पावसाळ्यानंतर ती पेटी उघडण्याची वेळ आली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ कवी, ज्यांना सारा गाव 'सर' म्हणत असे, ते वारले. शोकसभेत त्यांचाच आवाज ऐकवावा, असे ठरले. पेटीत बावीस सीडी होत्या. त्या वाचणारा ड्राइव्ह कुणाच्याच नव्या लॅपटॉपला नव्हता. अखेर एका मित्राच्या माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला. बावीसपैकी नऊ सीडी नीट वाजल्या. काही अर्ध्यावर अडकल्या, काहींना संगणकाने ओळखही दिली नाही. सरांच्या सीडीवर यंत्र बराच वेळ घरघरत राहिले आणि मग गप्प झाले. सीडी बाहेर काढून बल्बसमोर धरली, तर सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांतून उजेड आरपार येत होता. वरवर पाहता तिच्यावर एक ओरखडाही नव्हता.

शोकसभेत सरांची कविता आम्ही कागदावरून वाचली.

हे कसे झाले, याचा छडा लावताना एक लहानसा पण शिकवून जाणारा इतिहास आमच्या हाती आला. तो वाचकांपुढे ठेवावा, कारण अशी पेटी केवळ आमच्याच वाचनालयात आहे असे नाही. लग्नाच्या, बारशाच्या, भाषणांच्या, मुशायऱ्यांच्या अशा पेट्या घरोघरी कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत.

कायमची म्हणून आलेली वस्तू

सीडी ही हॉलंडच्या फिलिप्स आणि जपानच्या सोनी या दोन कंपन्यांनी एकत्र येऊन घडवलेली वस्तू. १९८० साली तिची मोजमापे पक्की झाली. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हानोव्हरजवळच्या लांगेनहागेन इथल्या कारखान्यात सीडींचे उत्पादन सुरू झाले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडी वाजवणारे यंत्र विक्रीला आले. तबकडी बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरहूनही किंचित पातळ, आणि तीत चौऱ्याहत्तर मिनिटांचे संगीत मावे. जाहिरातीत या नव्या वस्तूचे वर्णन 'निर्दोष आवाज, कायमचा' अशा अर्थाच्या घोषणेने केले जाई.

लोकांचा या घोषणेवर विश्वास बसला, याला सबळ कारण होते. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई घासते, कॅसेटची फीत यंत्राच्या तोंडाला घासून जाते. म्हणजे ऐकण्याच्या प्रत्येक वेळी मूळ वस्तू थोडी झिजते. सीडीला मात्र फक्त प्रकाश स्पर्श करतो. लेझरचा बारीक किरण खालून येतो, चकाकत्या थरावर आपटून परत फिरतो, आणि त्या परतीच्या प्रकाशातल्या फरकावरून यंत्र आवाज पुन्हा घडवते. घर्षण नाही म्हणजे झीज नाही. हे खरेच होते. सीडी कितीही वेळा वाजवली तरी वाजवण्याने ती झिजत नाही.

पण झीज वेगळी आणि गंज वेगळा. झीज वापरल्याने होते, गंज नुसता पडून राहिल्याने चढतो. घोषणा करणाऱ्यांनी झिजेचे उत्तर शोधले होते; गंजाचा प्रश्न तसाच राहिला होता.

आपण चुकीची बाजू जपली

सीडीची रचना समजून घेतली की हा प्रश्न कुठे दडला होता ते लक्षात येते. तबकडीचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक, चिवट प्लास्टिक. त्याच्या वरच्या अंगाला अतिशय सूक्ष्म खळगे एका लांबलचक सर्पिल वाटेने आतून बाहेर गेलेले असतात. या वाटेच्या दोन शेजारच्या वळणांत अंतर किती, तर १.६ मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या खळग्यांवर ॲल्युमिनियमचा आरशासारखा थर चढवलेला असतो. तो इतका पातळ की एका मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यावर रोगणाचा एक थर आणि त्यावर छापलेले नाव व चित्र. बस्स.

याचा अर्थ असा की ज्या थरात सगळा आवाज साठलेला आहे, तो चकाकत्या बाजूला नाही, नाव लिहिलेल्या बाजूला आहे. चकाकत्या बाजूकडून त्याला मिलिमीटरभर जाडीच्या प्लास्टिकचे चिलखत आहे. नावाच्या बाजूने केसापेक्षाही कितीतरी पातळ अशा रोगणाचा पदर, एवढेच संरक्षण. आणि आपण काय करत होतो? चकाकती बाजू मऊ फडक्याने हळुवार पुसत होतो, तिला बोट लागू देत नव्हतो, आणि नावाच्या बाजूवर बॉलपेन दाबून तारीख-वार लिहीत होतो. आमच्या पेटीतल्या तीन सीडींवर तर गोंदाने चिकटवलेली कागदी लेबले होती. ती पुढे सुकून सुटू लागली, आणि एका ठिकाणी सुटताना आपल्याबरोबर चांदीसारखा पापुद्राही घेऊन आली. त्या जागेवरचा आवाज त्या पापुद्र्याबरोबर गेला.

रोगणाला कुठे बारीक भेग पडली, काठाशी ते नीट बसले नसले, की हवा आणि दमटपणा आत शिरतो. ॲल्युमिनियमचे भांडे हळूहळू मळकट पडते हे आपण स्वयंपाकघरात पाहतो. तिथे धातू जाड असतो म्हणून फरक पडत नाही. सीडीतला धातू इतका पातळ की तो मळकट झाला म्हणजे नाहीसाच झाला. आरशाला भोक पडते. लेझरचा किरण परत येत नाही, आणि बल्बसमोर धरल्यावर आम्हाला दिसला तसा उजेड आरपार जातो.

ब्लॅकबर्नच्या तपकिरी सीडी

या दुखण्याची पहिली चाहूल सीडीच्या आधीच लागली होती. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत चित्रपटांसाठी ताटाएवढ्या मोठ्या लेझरडिस्क बाजारात आल्या. दोन तबकड्या पाठीला पाठ लावून गोंदाने चिकटवल्या की एक लेझरडिस्क तयार होई. काही वर्षांतच अनेक डिस्कवर चित्राऐवजी ठिपक्यांचा पाऊस दिसू लागला. जोडाच्या आत शिरलेली हवा आणि गोंदातले दोष यांनी आतला ॲल्युमिनियमचा थर खराब केला होता. संग्राहकांनी या रोगाला 'लेझर रॉट' म्हणजे लेझरची कूज असे नाव दिले.

सीडीच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचे. लँकेशायरमधले हे गाव एके काळी हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणत असे. स्वदेशीच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्यांना झळ बसली तेव्हा १९३१ साली गांधीजी शेजारच्या डार्वेन गावी मुद्दाम जाऊन तिथल्या कामगारांना भेटले होते. गिरण्यांचा काळ सरल्यावर याच ब्लॅकबर्नमध्ये फिलिप्स आणि ड्यूपाँट यांच्या संयुक्त कंपनीचा सीडीचा कारखाना चालत होता. तिथे साधारण १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या सीडींपैकी बऱ्याच सीडी काही वर्षांनी रंग बदलू लागल्या. चंदेरी तबकडी काठाकडून आत सरकत पितळी, मग तपकिरी होत गेली.

कारण शोधले तेव्हा ते फार साधे निघाले. त्या काळात वापरलेले रोगण गंधकाला दाद देणारे होते. आणि गंधक आले कुठून? सीडीच्या डबीत घातलेल्या पुस्तिकेच्या कागदातून. गायकाची माहिती, गाण्यांची यादी, सुंदर छायाचित्रे असलेली ती पुस्तिका वर्षानुवर्षे सीडीला बिलगून होती आणि तिच्यातून निघणारी सूक्ष्म वाफ धातूला खात होती. कंपनीने दोष मान्य केला आणि अशा सीडी बदलून देण्याची सोय केली. पण ज्यांनी आपली सीडी वेळेवर तपासली नाही, त्यांच्या हाती तपकिरी तबकडीच राहिली.

एक गोष्ट इथे ध्यानात घेण्याजोगी आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे काठाकडून येणारा रोग शेवटच्या गाण्याला आधी गाठतो. सुरुवात ऐकून 'चांगली आहे' म्हणत डबीत ठेवलेल्या सीडीचा शेवट कधीच गेलेला असू शकतो.

घरी भरलेली सीडी

आतापर्यंत सांगितले ते कारखान्यात छापलेल्या सीडींविषयी. आपल्या पेट्यांत आहेत त्या बहुतेक वेगळ्या जातीच्या आहेत. कोरी सीडी आणून संगणकावर भरायची, तिला सीडी-आर म्हणतात. १९८८ साली जपानच्या ताइयो युडेन कंपनीने ती तयार केली. भारतात तिची रेलचेल झाली ती २००० च्या आगेमागे. सायबर कॅफेत दहा-वीस रुपये दिले की सीडी 'मारून' मिळे. लग्नाची शूटिंग करणारे कॅसेटऐवजी सीडी देऊ लागले.

दिसायला दोन्ही सारख्याच, पण सीडी-आरमध्ये छापलेले खळगे नसतात. तिथे रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेझरने तो थर जागोजागी भाजून खुणा केलेल्या असतात. म्हणजे छापील सीडी जर दगडावर कोरलेला लेख असेल, तर सीडी-आर हा शाईने लिहिलेला कागद. शाई उन्हात उडते, तसे हे रंगद्रव्यही ऊन आणि उष्णता यांनी बदलते. रंगद्रव्यांतही काही टिकाऊ, काही कच्ची. स्वस्तातली कोरी सीडी घेताना आत कोणता रंग आहे हे विचारण्याचे आम्हाला कधी सुचले नाही. सुचले असते तरी दुकानदाराला सांगता आले नसते.

२००३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ज्या वर्षी आम्ही कॅसेट भंगारात घातल्या त्याच वर्षी, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने सीडी आणि डीव्हीडी कशा जपाव्यात याची एक पुस्तिका काढली. फ्रेड बायर्स यांनी ती लिहिली आहे. सीडी-आर शंभर ते दोनशे वर्षे टिकेल असा उत्पादकांचा दावा तीत नोंदवला आहे. पण तो दावा कुठल्या सीडीसाठी? चांगल्या प्रतीच्या, नीट भरलेल्या आणि योग्य हवेत ठेवलेल्या सीडीसाठी. योग्य हवा म्हणजे तापमान चार ते वीस अंश आणि आर्द्रता वीस ते पन्नास टक्के. आमच्या खाडीकाठी पावसाळ्याचे चार महिने भिंतीला हात लावला तर ओल लागते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत उभे राहवत नाही. त्या पुस्तिकेतली शंभर वर्षे आमच्या हवेसाठी लिहिलेली नव्हती.

उष्ण, दमट हवा सीडीचे काय करते याचा एक विलक्षण दाखला २००१ साली प्रसिद्ध झाला. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशातून आलेली एक सीडी स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एका बुरशीने काठाकडून आत शिरून प्लास्टिक आणि धातूच्या थरांत वाटा कोरल्या होत्या. पुस्तकात वाळवी फिरावी तशी ती सीडीत फिरली होती.

खोकणारी तबकडी आणि मुकी तबकडी

एवढे सगळे होत असताना आपल्याला कळत कसे नाही? याचे उत्तर सीडीच्या हुशारीत आहे. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो, आणि ते आकडे अशा गणिताने विखरून लिहिलेले असतात की मधले काही हरवले तरी उरलेल्यांवरून यंत्र ते पुन्हा शोधून काढते. वाटेचा सलग दोन-अडीच मिलिमीटर भाग पुसला गेला, तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याहून अधिक गेला तर यंत्र आजूबाजूच्या स्वरांवरून अंदाज बांधून ती जागा भरते. म्हणजे रोग वाढत असतो आणि आवाज मात्र ठणठणीत असतो. मग एके दिवशी हानी गणिताच्या आवाक्याबाहेर जाते आणि सीडी एकदम मुकी होते.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीचे असे नव्हते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांनी फ्रेड गैसबर्ग या मुद्रकापुढे गायन केले. जेमतेम तीन मिनिटांच्या गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. ते आजही ऐकू येते. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ज्यांची कबर आहे, ते अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली पैगंबरवासी झाले. त्यांचा आवाजही लाखेच्या तबकड्यांवरच मागे राहिला. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची ती तबकडी. हातातून पडली की फुटणारी, सुईने झिजणारी. पण ती खोकते, खरखरते, कुरकुरते, आणि त्या खरखरीतूनच मालकाला सांगते की मी म्हातारी झाले, माझे काहीतरी करा. आणि लोकांनी केलेही. लाखेवरचा तो आवाज लाँग प्ले तबकडीवर गेला, तिथून कॅसेटवर, मग सीडीवर, आता मोबाइलवर. खाँसाहेबांचा आवाज वाचला तो लाख अमर होती म्हणून नव्हे. ती नाशवंत आहे हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या त्याची नक्कल करत राहिल्या.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडात घडली. १०८६ साली तिथल्या राजाने गावोगावची जमीन, गुरे, नांगर यांची मोजदाद करवून चामड्याच्या पानांवर एक दफ्तर लिहवून घेतले. त्याला 'डोम्सडे बुक' म्हणतात. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने तसेच नवे दफ्तर तयार केले. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भर घातली, आणि ते लेझरडिस्कवर भरले. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली की ती डिस्क वाचणारी यंत्रे मिळेनात. २००२ साली तज्ज्ञांना खटपट करून ती माहिती नव्या संगणकावर आणावी लागली. चामड्यावरचे मूळ दफ्तर मात्र उघडावे आणि वाचावे, असे तसेच होते. आमच्या माळ्यावरच्या संगणकाची आठवण इथे आल्यावाचून राहिली नाही. सीडी धडधाकट असली तरी तिला वाचणारे यंत्र घरात असावे लागते, आणि ते घरांतून झपाट्याने नाहीसे झाले आहे.

नक्कल हीच जपणूक

आम्हाला यातून जे समजले ते नवे नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला. छापखाना या भागात येण्याआधीची दीडशे-दोनशे वर्षे तो हाताने उतरवलेल्या पोथ्यांतूनच चालत आला. कागद कुजत होता, शाई उडत होती, कसर लागत होती. पण पोथी जीर्ण झाली की कुणीतरी मांडी घालून बसे आणि नवी प्रत उतरवून काढी. त्या माणसाला ठाऊक होते की आपल्या हातातली वस्तू टिकणारी नाही. म्हणूनच तिच्यातले शब्द टिकले.

सीडीने आमची ही सवय मोडली. तिने कायमचे टिकण्याचे वचन दिले आणि आम्ही प्रती काढण्याचे सोडून दिले. सीडी गंजली हा तिचा दोष खराच. पण एकच प्रत ठेवली, ती वीस वर्षे उघडून पाहिली नाही आणि मूळ कॅसेट भंगारात घातल्या, हा दोष आमचा.

शोकसभेनंतर आम्ही गावात आणि गावाबाहेर विचारत फिरलो. १९९८ सालच्या रात्रीच्या कॅसेटची एक नक्कल आमच्या गावचे एक गृहस्थ कुवेतला नोकरीवर परत जाताना बरोबर घेऊन गेले होते, असे कळले. तिकडे सुट्टीच्या दिवशी खोलीतले सगळे जण ती लावून ऐकत. ते कायमचे परतले तेव्हा कॅसेटही परतली आणि त्यांच्या घरी शिवणयंत्राच्या खणात राहिली. तिचा आवाज दबलेला आहे. मधे कुणीतरी चहासाठी हाक मारते, कुठेतरी एक मूल रडते. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटी सर आहेत. आपली कविता म्हणण्याआधी ते चष्मा शोधतात आणि लोक हसतात, तेही तीत आहे.

त्या कॅसेटच्या आम्ही आता चार प्रती केल्या आहेत. एक वाचनालयाच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर सरांच्या मुलीकडे, एक पुण्यात, एक कुवेतमध्ये त्या गृहस्थांच्या मुलाकडे. चांगल्या निघालेल्या नऊ सीडींचेही तसेच केले. अर्ध्यावर अडकणाऱ्या सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या दोन पूर्ण वाचल्या गेल्या. म्हणून कुणी आपली सीडी एका यंत्राने नाकारली एवढ्यावरून फेकून देऊ नये. यंत्र बदलून पाहावे, चकाकती बाजू मधून काठाकडे सरळ रेषेत पुसून पाहावी, आणि वाजली की त्याच दिवशी नक्कल करून घ्यावी. उद्यावर टाकू नये.

दरवर्षी कवितेच्या रात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही या सगळ्या प्रती उघडून ऐकायच्या, असे ठरवले आहे. यंदा त्याप्रमाणे बसलो. सरांचा आवाज चारही ठिकाणी होता.